सत्तर गुंठे, अकरा गडी

फुटबॉलचं आंतरराष्ट्रीय मापाचं मैदान १०५ मीटर लांब, ६८ मीटर रुंद. सातबाऱ्याच्या हिशोबात सत्तर गुंठे, म्हणजे पावणेदोन एकर. वसमतकडच्या शेतकऱ्याला विचारा, एवढ्या रानातली हळद काढायला किती माणसं लागतील. अकरा गडी म्हटलं तर तो हसेल. फुटबॉलवाले मात्र तेवढ्यावरच नव्वद मिनिटं भागवतात, आणि त्यातला एक तर आपल्या दोन खांबांपासून फारसा लांब जातही नाही. कबड्डीचं पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, जेमतेम सव्वा गुंठा. एका फुटबॉलच्या मैदानात तशी चोपन्न मैदानं मावतात.

म्हणूनच नवशिक्या पोरांचा फुटबॉल कुठल्याही शाळेच्या मैदानावर सारखाच दिसतो. चेंडू एकीकडे, त्याच्यामागे वीस पोरं, आणि उरलेलं सगळं रान मोकळं. पोझिशन नावाची भानगड निघाली ती ही गर्दी पांगवायला. हिंगोलीकडच्या कबड्डीच्या शौकिनाला ती समजवायला वेळ लागत नाही. डावा कोपरा सांभाळणारा गडी चढाईवाल्याच्या मागे भलतीकडे सुटला की साखळी तुटते आणि समोरचा आरामात गुण घेऊन जातो. फुटबॉलमधला लेफ्ट बॅक हा असाच कोपऱ्याचा धनी. त्याला कोपरा सोडून पुढं जायची मुभा असते, पण मागे कोणीतरी त्याची जागा धरली असेल तरच.

पाठीवरच्या नंबराची गंमत

दहा नंबर म्हणजे कलाकार, नऊ नंबर म्हणजे गोल मारणारा, हे पोरासोरांनाही पाठ असतं. हे नंबर आले कुठून? जुन्या काळी संघ २-३-५ असा उभा राहायचा. गोलकी एक. मागचे दोन बॅक म्हणजे दोन आणि तीन. मधले तीन हाफ म्हणजे चार, पाच, सहा. आणि पुढे तब्बल पाच फॉरवर्ड, उजव्या टोकापासून डाव्या टोकापर्यंत सात ते अकरा. या रांगेत मधोमध उभा राहणारा तो नऊ. पाच फॉरवर्डांची चैन कधीच संपली, नंबर मात्र चिकटून राहिले.

इंग्लंडच्या लीगमध्ये नंबरवाले शर्ट पहिल्यांदा दिसले २५ ऑगस्ट १९२८ ला, आर्सेनल आणि चेल्सीच्या सामन्यांत. १९३३ च्या एफए कपच्या अंतिम सामन्यात तर एव्हर्टनला १ ते ११ आणि मँचेस्टर सिटीला १२ ते २२ असे सलग नंबर दिले होते. दोन्हीकडे तेच आकडे असावेत हे तेव्हा कोणाला सुचलं नसावं.

नियम झाला की तो मोडणारे आलेच. १९७४ च्या विश्वचषकात हॉलंडने आडनावाच्या अक्षरांप्रमाणे नंबर वाटले. त्यात एक नंबर गेला रुड गील्स या फॉरवर्डला, आणि गोलकी यान योंगब्लूड अख्खी स्पर्धा आठ नंबर घालून खेळला. योहान क्रायफला मात्र त्याचा लाडका १४ मिळाला. मोठ्या माणसांपुढे बाराखडीही वाकते. अर्जेंटिनाने १९८२ मध्ये हाच प्रयोग केला तेव्हा एक नंबर आला ऑस्वाल्डो आर्दिलेसच्या वाट्याला. तो मधल्या फळीतला, गोलशी त्याचा संबंध लांबूनच. तिथेही मॅराडोनाचा दहा कोणी हलवला नाही. आणि १९५८ ला ब्राझील पहिल्यांदा जगज्जेता झाला तेव्हा त्यांचा गोलकी जिल्मार तीन नंबर घालून उभा होता.

गोलकी

गोलचं तोंड २४ फूट रुंद, ८ फूट उंच. म्हणजे १९२ चौरस फूट. बारा बाय सोळाची खोली उभी करून ठेवा आणि तिच्यापुढे एक माणूस उभा करा. पेनल्टीच्या वेळी चेंडू असतो बारा यार्डांवर, आणि चेंडूला लाथ बसेपर्यंत गोलकीच्या एका पायाचा काही भाग तरी गोलरेषेवर असावा लागतो. चांगला गोलकी त्या क्षणी चेंडूकडे कमी आणि मारणाऱ्याच्या टेकलेल्या पायाकडे जास्त बघतो. तो पाय ज्या दिशेला रोखलेला असतो, पुष्कळदा चेंडू तिकडेच जातो. पुष्कळदा, नेहमी नाही. नाहीतर पेनल्टीत मजा काय राहिली?

गल्लीत गोलकी होतं कोण? जाडा, लहान, किंवा चप्पल तुटलेला. हा अन्याय आहे, कारण अकरा जणांतलं सर्वांत बोलकं काम त्याचं. अख्खं मैदान फक्त त्याच्याच डोळ्यांपुढे असतं. बाकीच्यांची पाठ कुठे ना कुठे तरी वळलेली असते. म्हणून तो सतत ओरडतो: ‘मागे माणूस!’, ‘डावीकडे सरक!’, ‘माझा, माझा, सोड!’ यातला शेवटचा शब्द उशिरा निघाला की बॅक आणि गोलकी एकमेकांवर आदळतात आणि चेंडू निवांत घरंगळत आत जातो.

गोलकीचे नियम तर बघा. १९१२ पर्यंत त्याला आपल्या अख्ख्या अर्ध्या मैदानात चेंडूला हात लावता यायचा. वेल्सचा ली रिचमंड रूस हा गोलकी त्याचा पुरेपूर फायदा घ्यायचा. चेंडू टप्पे देत थेट मध्यरेषेपर्यंत घेऊन जायचा. शेवटी नियमवाल्यांनी त्याचे हात पेनल्टीच्या चौकटीत बांधले. त्याआधी १९०९ मध्ये गोलकीला वेगळ्या रंगाचा शर्ट सक्तीचा झाला होता. तोवर गर्दीत हात नेमका कोणाचा लागला हे ठरवताना रेफरीची पंचाईत व्हायची. १९९२ पासून आपल्याच गड्याने पायाने दिलेला पास गोलकीला हातात घेता येत नाही. या एका नियमाने जगभरच्या गोलकींना पायाने खेळायला शिकावं लागलं. ताजी खबर २०२५ ची: चेंडू आठ सेकंदांहून जास्त वेळ हातात धरून बसला, तर समोरच्या संघाला थेट कॉर्नर. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात वर करून बोटांवर मोजून दाखवतो. शेवटच्या मिनिटांत चेंडू पोटाशी घेऊन लोळण घेणाऱ्यांचे दिवस भरले.

आपल्या शेजारी गोव्यात या जागेला मान मिळवून दिला ब्रह्मानंद संखवाळकर यांनी. १९८३-८४ ची संतोष करंडक स्पर्धा गोव्याने जिंकली ती स्पर्धेत एकही गोल न खाता, आणि खांबांमध्ये होते ब्रह्मानंद. ते भारताचे कर्णधारही झाले आणि १९९७ मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मुंबईचे एस. एस. नारायण १९५६ आणि १९६० अशा दोन ऑलिंपिकच्या भारतीय संघांत गोलकी होते. हा माणूस मुळात बास्केटबॉलवाला. उंच चेंडू हवेत पकडायचा सराव आधीच झालेला, फक्त टोपली बदलली. जगात गोलकीला सर्वोत्तम फुटबॉलपटूचा ‘बॅलन डी’ओर’ आजवर एकदाच मिळालाय, १९६३ मध्ये सोव्हिएत संघाच्या लेव्ह याशिनला. बाकी सगळे त्याच्या पुढे उभे राहणारे.

बॅक आणि स्टॉपर

मघाच्या जुन्या रचनेत पाच नंबर हा मधला हाफ होता. मग आज तो स्टॉपर कसा? याला कारण १९२५ चा ऑफसाइडचा बदल. त्याआधी पास निघताना फॉरवर्ड आणि गोलरेषा यांच्यामध्ये समोरचे किमान तीन गडी लागायचे, ते दोनवर आले. फॉरवर्डांचं फावलं, गोलांचा पाऊस पडू लागला. मग आर्सेनलच्या हर्बर्ट चॅपमन यांनी मधल्या हाफला मागे ओढून दोन बॅकच्या मध्ये उभं केलं. तोच आजचा स्टॉपर. आजही लोक ऑफसाइडवरून भांडतात, पण थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नरवरून थेट आलेल्या चेंडूला ऑफसाइड नसतो हे भांडणाऱ्यांपैकी निम्म्यांना ठाऊक नसतं. एकदा विचारून बघा.

स्टॉपरचं कौशल्य टीव्हीवर दिसत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे असतो. चेंडू लांब असताना तो दोन पावलं पुढं सरकतो, शेजाऱ्याला हाताने इशारा करतो आणि चार जणांची रांग एकदम वर येते. मागे राहिलेला फॉरवर्ड ऑफसाइडमध्ये अडकतो. चौघांतला एक जरी झोपला तरी सगळा बेत फसतो. गोव्याच्या डेम्पो क्लबने राष्ट्रीय पातळीवर लागोपाठ विजेतेपदं मिळवली त्या काळात महेश गवळी आणि समीर नाईक ही नावं मागच्या फळीत होती. गोल मारणाऱ्यांची पोस्टरं लागली, यांची किती लागली ते डेम्पोच्या चाहत्यांनाच विचारा.

बॅकला गोल मारायचे डोहाळे लागतात ते कॉर्नरच्या वेळी. १७ मार्च २०१९, अंधेरीचं मैदान, इंडियन सुपर लीगचा अंतिम सामना. बंगळूर विरुद्ध एफसी गोवा, ०-०, जादा वेळही संपत आलेली. कॉर्नर आला आणि डोकं लावलं मुंबईच्या राहुल भेकेने. हा उजवा बॅक. सामना १-०, आणि बंगळूरची इंडियन सुपर लीगची पहिली ट्रॉफी, मुंबईच्या पोराच्या डोक्यावरून, मुंबईतच.

बॅकच्या जागेवर येण्याचा उलटा प्रवासही असतो. गोव्याचा मंदार राव देसाई आधी डाव्या बाजूचा विंगर, पुढे खेळणारा. स्पेनच्या सर्जिओ लोबेरा या प्रशिक्षकाने त्याला मागे लेफ्ट बॅक केलं. विंगरला मागे ढकललं की तो सहसा रुसतो. मंदार रुसला नाही, आणि इंडियन सुपर लीगमध्ये शंभर सामने खेळणारा पहिला खेळाडू तोच ठरला.

हाफ

हाफला बॅक म्हणतो ‘खाली ये’, फॉरवर्ड म्हणतो ‘वर ये’, आणि दोघांचं ऐकून तो सामन्यात दहा-बारा किलोमीटर पळतो. गोलकी त्याच्या निम्मंही पळत नसेल. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सोनं जिंकणाऱ्या भारतीय संघात असे एक हाफ होते फॉर्च्युनातो फ्रँको. जन्म गोव्यातल्या कोलवाळचा, वाढले मुंबईत, खेळले वेस्टर्न रेल्वे आणि टाटांकडून. चेंडू पकडायचा आणि सोप्या माणसाला द्यायचा, एवढंच. ऐकायला एवढंच; करून बघा.

फॉरवर्ड, आणि राज्य बदललं तो महिना

आता आपल्या जिल्ह्याचा संबंध. हिंगोली स्वतंत्र जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधी परभणीत, आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत अख्खा मराठवाडा हैदराबाद राज्यात. तेव्हाचं हैदराबाद म्हणजे भारतीय फुटबॉलची खाण. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं मुंबईत येऊन रोव्हर्स कप उचलून नेला. त्या संघाचे गुरू सय्यद अब्दुल रहीम, मूळचे शाळामास्तर, पुढे भारतीय संघाचे प्रशिक्षक. अजय देवगणच्या ‘मैदान’ सिनेमातले रहीमसाहेब ते हेच.

१ नोव्हेंबरला मराठवाडा मुंबई राज्यात आला. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबर १९५६ ला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं लोळवलं. त्यातले तीन गोल एकट्या नेव्हिल डिसोझाचे. मुंबईकडून खेळणारा हा गोवेकर सेंटर फॉरवर्ड ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅट्ट्रिक करणारा पहिला आशियाई ठरला. म्हणजे बघा, हिंगोलीच्या जुन्या राज्याचा कोच आणि नव्या राज्याचा फॉरवर्ड. दोन्ही हातांनी टाळ्या वाजवायचा हक्क भारतात तेव्हा मराठवाड्याइतका कोणाचा नसेल. उपांत्य सामन्यातही पहिला गोल नेव्हिलनेच मारला, पण युगोस्लाव्हियाने नंतर चार मारले. भारत चौथा आला आणि नेव्हिल चार गोलांसह स्पर्धेच्या संयुक्त अव्वल गोलवीरांत.

सेंटर फॉरवर्ड म्हणजे गोलसमोर ठाण मांडून बसणारा, ही समजूत त्याच्या तीनच वर्षं आधी मोडली होती. २५ नोव्हेंबर १९५३, वेम्बली. हंगेरीचा नऊ नंबर नांदोर हिदेगकुटी गोलसमोर उभाच राहीना. मागे मधल्या फळीत जाऊन बसला. इंग्लंडच्या स्टॉपरला कळेना, याच्या मागे जावं तर आपली जागा उघडी पडते, जागेवर थांबावं तर हा मोकळा खेळतो. तो दोन्हींच्या मध्ये लटकला. हिदेगकुटीने तीन गोल मारले आणि हंगेरी ६-३ ने जिंकली. आज याला ‘फॉल्स नाइन’ म्हणतात आणि सगळं श्रेय मेस्सीला देतात.

कोल्हापूरला मात्र हे सांगायची सोय नाही. तिथे पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियममध्ये गर्दी फुटते आणि प्रत्येक प्रेक्षक आपल्या संघाचा कोच असतो. तिथलाच अनिकेत जाधव २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताचा फॉरवर्ड होता. भारताचा त्या स्पर्धेतला एकुलता एक गोल मात्र कुठल्या फॉरवर्डने मारला नाही. तो मारला मधल्या फळीतल्या जॅक्सन सिंगने, कॉर्नरवर, डोक्याने.

आपल्याकडे शाळकरी पोरांसाठी रस्ता आहे तो शालेय स्पर्धांचा आणि सुब्रतो मुखर्जी चषकाचा. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांच्या नावाची ही स्पर्धा १९६० पासून चालते. जिल्ह्याच्या फेऱ्या पावसाळ्यात, काळ्या मातीत. बुटाला किलोभर चिखल, वर चेंडू भिजून जड. माझा फुकटचा सल्ला: संघात जागा हवी असेल तर फॉरवर्डच्या रांगेत उभं राहू नका. डावा पाय चालत असेल तर लेफ्ट बॅक मागा, उंची असेल तर ग्लोव्हज घ्या. रांग छोटी असते.

जागा सोडणारे

नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन प्रा. विजय बारसे यांनी जो फुटबॉल उभा केला, ‘झुंड’ सिनेमा ज्यावर निघाला, त्या चळवळीतली पोरं बेघरांच्या विश्वचषकात खेळली. तिथे एका बाजूला चारच जण: एक गोलकी, तिघे बाकी सगळं. सात-सात मिनिटांचे दोन डाव. पोझिशन विचारायला वेळ नाही. अकरांच्या फुटबॉलमध्येही खालची मर्यादा आहेच. एका संघात सातहून कमी गडी उरले तर सामना थांबतो. सात म्हणजे कबड्डीचा पूर्ण संघ.

जकार्ताला १९६२ मध्ये रहीमसाहेबांनी केलं ते आणखी धाडसाचं. जर्नेल सिंग हा भारताचा भक्कम स्टॉपर. थायलंडविरुद्ध त्याचं डोकं फुटलं, टाके पडले. तेव्हा बदली खेळाडूंची आजसारखी सोय नव्हती. जखमी गड्याला विंगला उभं करून ठेवायचा रिवाज होता, नुसता उपद्रव म्हणून. रहीमसाहेबांनी टाके पडलेल्या या स्टॉपरला चक्क सेंटर फॉरवर्ड केलं. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्याने गोल मारला. अंतिम सामना दक्षिण कोरियाशी, साखळीत भारताला हरवलेल्या संघाशी. पी. के. बॅनर्जी यांनी एक गोल मारला आणि दुसरा जर्नेलने. भारत २-१, सुवर्णपदक. फुटबॉलमध्ये आशियाई सोनं त्यानंतर भारताला मिळालेलं नाही.

उलट्या दिशेचा किस्सा बल्गेरियाचा. ऑगस्ट २०१४, चॅम्पियन्स लीगमध्ये शिरण्याचा सामना, लुदोगोरेत्स विरुद्ध स्टेउआ. जादा वेळेच्या अगदी शेवटी लुदोगोरेत्सच्या गोलकीला लाल कार्ड मिळालं. बदली गडी संपलेले. टायब्रेकरला कोस्मिन मोत्सी नावाच्या स्टॉपरने ग्लोव्हज चढवले. आधी स्वतः पहिली पेनल्टी मारून गोल केला, मग खांबांमध्ये जाऊन समोरच्यांच्या दोन अडवल्या. लुदोगोरेत्स पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगच्या मुख्य फेरीत गेलं, आणि क्लबने आपल्या स्टेडियममधल्या एका स्टँडला मोत्सीचं नाव दिलं.